सातव्या लेण्यातली डोण

अहंकार गळला की आडनावही गळून पडतं, असं ऋत्विकने स्टेजवरून सांगितलं आणि पुण्याच्या त्या पंचतारांकित हॉटेलात चारशे माणसांनी टाळ्या पिटल्या. याचं आडनाव गळलं होतं, पण मनगटावरचं घड्याळ काही गळलं नव्हतं. अंगात सुती भगवं जाकीट आणि पाय अनवाणी. अनवाणी चालायचं म्हणून स्टेजभर आधी मऊ गालिचा अंथरून घेतलेला.

"दोन हजार वर्षांपूर्वी," तो डोळे मिटून म्हणाला, "सह्याद्रीतल्या लेण्यांत भिक्खू एक रस प्यायचे आणि ध्यानाला बसायचे. तो रस आपण विसरलो. आपल्या मराठी मातीतल्या एका ताईंनी तो दगडातून परत काढला."

ती ताई म्हणजे मी. विशाखा टेंभुर्णे, वय पन्नास, मूळची नागपूरची. जुन्या वस्तूंवरचे डाग तपासणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेत बावीस वर्षं नोकरी. मी उठून हात जोडले. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. बावीस वर्षांत मला कोणी उभंसुद्धा केलं नव्हतं.

मग पडद्यावर कॅप्सूलचं चित्र आलं. नाव 'बोधिरस'. पुढच्या रांगेतल्या एका बाई लगेच रडायला लागल्या. अजून घेतली नव्हती हो त्यांनी, नुसतं चित्र बघून रडत होत्या.

आता दगडाचं सांगते, कारण या सगळ्यात तेवढंच खरं आहे. आपला काळा कातळ वरून घट्ट दिसतो, पण लाव्हा थंड होताना त्यात बुडबुडे अडकलेले असतात. डोळ्यांना न दिसणारी छिद्रं. त्यावर तेल सांडलं, कसला पाला वाटला, घाम गळला, तर त्यातले रेणू त्या छिद्रांत जाऊन बसतात. पुढे शेकडो पावसाळे दगडातून पाणी झिरपतं, त्यातल्या क्षारांचा पातळ पापुद्रा छिद्रावर धरतो आणि रेणू आत कोंडला जातो. आमचं यंत्र त्या पापुद्र्यातून लेझरचा बारीक ठोका आत सोडतं. प्रत्येक रेणू आपापल्या पद्धतीने थरथरतो, आणि परत येणाऱ्या उजेडावरून तो कोण ते कळतं. पापुद्रा किती जुना, त्यावरून काळ कळतो.

यंत्राचं कागदोपत्री नाव दीड ओळीचं आहे. पहिल्याच महिन्यात त्याचं पुढचं टोक मोडलं, तेव्हापासून आम्ही तिला नकटी म्हणतो. नकटी कधी खोटं बोलत नाही. अमुक जागी अमुक रेणू आहे, एवढं सांगते आणि गप्प बसते. माणसं त्याचं काय करत होती हे ठरवायचं काम आमच्या धंद्यातल्या लोकांकडे असतं, आणि तिथेच सगळी माती होते.

जुन्नरच्या पलीकडच्या डोंगरात खडकवेळ नावाची बारा लेणी आहेत. सातव्या लेण्यात भिक्खूंच्या खोल्यांना लागून जमिनीत कोरलेली एक डोण आहे. गुरांना पाणी पाजायची असते तशीच, फक्त दोन माणसांच्या लांबीची, गुडघाभर खोल, आणि एका अंगाला बसायला दगडी कट्टा. दोन वर्षांपूर्वी, २०४१ च्या हिवाळ्यात, मी तिच्या तळाचे सहा नमुने घेतले. नकटीने सांगितलं: भांग, धोत्रा, तीळ आणि एरंडाचं तेल. काळ सुमारे अठराशे वर्षांपूर्वीचा.

मग नोंदीचा फॉर्म भरायचा. त्यात एक रकाना असतो, 'उपयोग'. पर्याय पाच. निवास, स्वयंपाक, साठवण, विधी आणि अनिश्चित. 'अनिश्चित' लिहिलं की फाइल तीन पंडितांच्या समितीकडे जाते आणि आठ महिने तिथे पडून राहते, कारण ते तिघे एकमेकांशी बोलत नाहीत. म्हणून आमच्यात वर्षानुवर्षांची रीत अशी, की जे कळत नाही त्याला 'विधी' म्हणायचं. वाकडा दगड सापडला, विधी. फुटकं मडकं सापडलं, विधी. उद्या कोणी माझी नाकाची फुली खणून काढली तर तीही विधीच ठरेल. मला ती डोण कशाची ते माहीत नव्हतं. मी 'विधी' लिहिलं, सही केली आणि जेवायला गेले.

त्याच सुमाराला एक नवा नियम आला होता. एखादं द्रव्य हजार वर्षांपूर्वी धार्मिक विधीत वापरलं जात होतं अशी सरकारी नोंद असेल, तर त्याला औषधांच्या चाचण्यांतून सूट. आपल्या परंपरेवर संशय घ्यायचा नाही, असं त्यामागचं थोर तत्त्व. ऋत्विकच्या माणसांनी अशा सगळ्या नोंदी चाळल्या आणि माझ्या फॉर्मवर येऊन बसले. तेल गाळून टाकलं. तेल पिऊन कोणाला निर्वाण मिळत नाही. उरलेल्या दोघांचे, भांगेचे आणि धोत्र्याचे, रेणू कारखान्यात बनवून एका कॅप्सूलमध्ये भरले.

मी त्यांना इतिहासाचं एक टिपण दिलं होतं, हेही सांगते. आठव्या-नवव्या शतकांतल्या काही तंत्रग्रंथांत धोत्रा येतो. कुठे होमात टाकायला, कुठे शत्रूला वेड लावायला. तो खाऊन कोणी ध्यान केलं का, यावर विद्वान अजून भांडतात. खडकवेळची लेणी त्याच्या कितीतरी आधीची आहेत, आणि त्या भिक्खूंना मद्य निषिद्ध होतं. हे सगळं मी लिहिलं होतं. ऋत्विकने ते वाचून मला हृदयाचं चिन्ह पाठवलं.

*

कॅप्सूल बाजारात आल्याला चार महिने झाले होते, तेव्हा सकाळी बाबांचा फोन आला.

"विशाखा, नागसेन खांबावरून पडता पडता वाचला. ये तू."

नागसेन माझा धाकटा भाऊ, वीज कंपनीत लाइनमन. २०४३ साल उजाडलं, आकाशात काय काय उडतं, पण तार तुटली की खांबावर अजून माणूसच चढतो. नागसेन बारा वर्षं दारू प्यायला. त्याची बायको गेली, ती परत आली नाही. चार वर्षांपूर्वी त्याने सोडली. कशी सोडली ते त्याचं त्याला आणि बाबांना ठाऊक. बाबा म्हणजे देवराव टेंभुर्णे, निवृत्त पोस्टमन, वय एकोणऐंशी. आमच्या वस्तीतला विहार तेच उघडतात, तेच झाडतात, आणि तिथे पंचशील घेऊन पाचवं शील म्हणजे नशेपासून दूर राहणं खरंच पाळणारी तीस-चाळीस घरं आज धडपणे जेवतात.

मी नागपूरला पोचले तेव्हा नागसेन ओसरीवर बसला होता. उजवा तळहात पांढऱ्या पट्टीत. डोळ्यांच्या बाहुल्या एवढ्या मोठ्या, की बुबुळाचा रंगच दिसेना. ओठ सुकलेले. मला बघून हसला आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणाला, "पाह्य, ताई आली."

आतून बाबा बाहेर आले. "माय येते म्हनते त्याची. नऊ वर्षं झाली तिले जाऊन. हा तिले चहा करून देते, तिच्याशी बोलत बसते. अन् जवळचं काई दिसत नाई. चालू तार त्याले बंद दिसली."

धोत्रा हेच करतो. तोंड सुकतं, जवळचं अंधुक होतं, नसलेली माणसं येऊन बसतात आणि ती खरी नाहीत असा संशयसुद्धा येत नाही. हे मला माहीत होतं. पहिल्या वर्षाच्या पोरांना मी हे शिकवते.

"काय घेतलंस?" मी विचारलं.

त्याने खिशातून डबी काढली. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत माझं नाव होतं. मूळ संशोधन: डॉ. विशाखा टेंभुर्णे.

"दारू नाई घेतली, ताई. एक थेंब नाई. हे तर भिक्खूचं हाय. तूच शोधलं ना?"

मला त्या क्षणी ऋत्विकचा गळा धरावासा वाटला. त्याचा, त्याच्या गालिच्याचा, त्या रडणाऱ्या बाईचा, सगळ्यांचाच. मी डबी घेतली, नालीत रिकामी केली आणि नागसेनला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, दोन दिवसांत उतरेल. पुन्हा घेऊन खांबावर चढला तर मात्र तुमच्याकडे तो परत यायचा नाही.

*

संध्याकाळी बाबा गुडघ्यांना तेल चोळत बसले होते. मी चिडून एकेक सांगत होते. डोण, भांग, धोत्रा, फॉर्म. बाबा ऐकत होते. मधेच त्यांनी चोळायचं थांबवलं.

"किती खोल हाय म्हनली ती डोण?"

"गुडघाभर."

"अन् बाजूला बसाले कट्टा?"

"हो."

"अवं, मग ते पाय शेकाचं हाय." ते इतक्या सहज म्हणाले, की मला आधी कळलंच नाही. "भिक्खूच्या नियमांत औषधाचा भाग हाय. एका भिक्खूले वाताचा त्रास झाला, सांधे धरले. तर बुद्धानं भांगेचं पानी वापराची परवानगी देली. शेकाले. प्याले नाई. पालीत साफ लिहून हाय. दिवसभर थंड्या दगडावर मांडी घालून बसन, त्याचे गुडघे नाई धरतीन तर काय होईन?"

"हे तुम्हाला माहीत होतं?"

"मले इचारलं का कोनी?"

खरंच कोणी विचारलं नव्हतं. माझ्या प्रयोगशाळेत सतरा जणांकडे डॉक्टरेट आहे, ऋत्विककडे परंपरेचे चार सल्लागार आहेत. आणि मी स्वतः दर दिवाळीला या घरी येऊन बाबांना एरंडेल आणून देते. आपल्याला शास्त्र येतं म्हणून पोस्टमनला काय विचारायचं, हा माज माझाच.

मी तिसऱ्या दिवशी नकटीला घेऊन खडकवेळला गेले. या वेळी सहा नाही, एकशे चाळीस जागा तपासल्या. भांग आणि धोत्रा डोणीच्या तळापासून गुडघ्याच्या जरा खालपर्यंतच्या पट्ट्यात ठासून भरलेले. डोणीच्या काठावर, जिथे वाटी बुडवली तर ओघळ पडावा, तिथे जवळजवळ काही नाही. कट्ट्यावर झिजून झालेल्या पाच बैठका, आणि प्रत्येकीत घामाचे क्षार, माणसाच्या कातडीचं स्नेहद्रव्य. तेल सगळीकडे. आजही आपल्याकडे धोत्र्याची पानं तेलात गरम करून सुजलेल्या सांध्याला बांधतातच. पाच म्हातारे भिक्खू पाय सोडून बसायचे, बहुधा एकमेकांच्या गुडघ्यांची विचारपूस करायचे, आणि उठून झोपायला जायचे. याला ऋत्विक महासमाधी म्हणत होता.

*

त्याच्या पुण्याच्या कार्यालयात खुर्च्या नाहीत. सगळे उशांवर बसतात. माझे गुडघे त्या उशीवर करकरले आणि मला पहिल्यांदा त्या भिक्खूंबद्दल खरी माया वाटली.

मी आलेख पुढे ठेवले. त्याने शांतपणे पाहिले. "म्हणजे ते बाहेरून घेत होते."

"घेत नव्हते. पाय शेकत होते."

"पण ताई, त्वचेतूनही शोषलं जातंच ना? पाच जण, एकाच पाण्यात, एकत्र." त्याने डोळे मिटले. मला त्या मिटलेल्या डोळ्यांचा उबग आला होता. "हे तर जास्त सुंदर आहे. आपण डोणस्नान आणू शकतो. घरोघरी छोटी दगडी डोण."

"माझा भाऊ तुझी कॅप्सूल घेऊन चालू तारेला लागला."

"त्यांनी संकल्प न करता घेतली असेल. डबीवर लिहिलंय, संकल्प करून घ्यावी."

मी उठले. उठायला वेळ लागला, त्याने हात पुढे केला, मी तो धरला नाही. "तुला सांगते, ऋत्विक. तुझ्यापेक्षा आमच्या वस्तीतला हातभट्टीवाला बरा. तो विकतो ते दारू म्हणून विकतो."

हे बोलून फार बरं वाटलं, पण उपयोग शून्य. बोधिरसचा परवाना कसा थांबवायचा ते नोंदणीच्या कार्यालयात विचारलं, तर तिथल्या अधिकारी बाईंनी नियम काढून दाखवला. नवा पुरावा आला म्हणून परवाना थांबत नाही, नवा पुरावा जुन्याच्या मागे जोडला जातो आणि समितीकडे जातो. ते तिघे अजूनही बोलत नव्हते. परवाना त्याच दिवशी थांबतो तो एकाच कलमाखाली. नोंद करणाऱ्याने लिहून द्यायचं, की भरताना ती माहिती खरी असल्याचं मला ठाऊक नव्हतं, तरीही मी ती भरली. म्हणजे खोटी नोंद.

"आणि मग माझं काय?"

"पाच वर्षं तुमच्या सहीने कुठलीच नोंद होणार नाही. यंत्रही दुसऱ्याकडे जाईल." त्यांनी चष्मा काढला. "मॅडम, कशाला? 'विधी' सगळेच लिहितात हो. मी रोज बघते."

पाच वर्षांनी मी पंचावन्नची. निवृत्तीला तीन वर्षं उरणार, आणि नकटीला तोवर कोणीतरी मोडून ठेवलेलं असणार. मी पेन मागितलं. त्यांचं पेन चालेना, तर त्यांनी शेजारच्या टेबलावरून आणून दिलं. लिहिलं, सही केली. बोधिरसचा परवाना त्याच दुपारी स्थगित झाला. आठवड्याने वकिलाची नोटीस आली. तीत ऋत्विकचं आडनाव परत उगवलं होतं, वडिलांच्या नावासकट.

*

नोटीस पर्समध्ये घालून मी नागपूरला गेले. नागसेन अंगणात पट्टी बदलत होता. बाहुल्या मूळ मापावर आल्या होत्या. मी त्याच्यासमोर बसून सगळं सांगितलं. डोण, कट्टा, घाम, बाबांचं भांगेचं पाणी.

तो आधी हसला. पोट धरून हसला. "म्हंजे मी चार महिने भिक्खूच्या पायाचं पानी पेलो?"

"हो रे. म्हणून सांगते, भिक्खूंनी नशा केली नव्हती. ते सगळं खोटं होतं. तुझं पाचवं शील..."

"ताई, थांब." त्याचं हसू गेलं. "मले बुद्धाचं कायले सांगते? बारा वर्षं इथंच राहून, रोज वंदना ऐकून पेतच होतो ना मी? भिक्खूनं पेली म्हनून नाई घेतली मी ते. मले काय मालूम भिक्खूचं? डबीवर तुझं नाव वाचलं. आपल्या घरात एक मानूस फालतू बोलत नाई, तिनं लिहिलं म्हंजे बरोबर असन. माय दिसली, ते नंतरचं."

इतके दिवस ज्याला त्याला मूर्ख म्हणत होते. जिभेला धार होती. डबीवर नाव मात्र माझं होतं.

"आता रविवारी," तो पट्टीची गाठ दातांनी ओढत म्हणाला, "मले उभं राहा लागन. बाबाच्या विहारात शील तुटलं का सगळ्यांसमोर उभं राहून सांगाव लागते, कोनतं तुटलं अन् कसं तुटलं. मंग नवीन घ्या लागते. लहान लहान पोट्टे बसून राहतेत समोर. चार वर्षं झाली होती माझी. मी राहीन उभा. तुले कोन उभं करन?"

रविवारी सकाळी विहारात साठेक माणसं होती. वंदना झाली. बाबांनी विचारलं, कोणाला काही सांगायचं आहे का. नागसेन उठला. पट्टीचा हात छातीशी धरून त्याने सगळं सांगितलं, एक गोष्ट लपवली नाही, माझं नाव मात्र घेतलं नाही. बाबांनी त्याला पाचवं शील पुन्हा दिलं. आवाज त्यांचा नेहमीचाच होता, पोटचा पोरगा म्हणून हळू नाही की कठोर नाही. नागसेन मागे जाऊन भिंतीला टेकून बसला.

मग मी उठले. इथे मला सगळे ओळखतात. डॉक्टर टेंभुर्णे, देवरावजींची पुण्याची पोरगी. पुढच्या रांगेतल्या दोघी बायांनी माझ्याकडे बघून हात जोडले, त्यांना वाटलं मी भाषण करणार. बाबांनी वर पाहिलं.

"कोनतं?" त्यांनी विचारलं.

"चौथं," मी म्हणाले. "खोटं... मी एका कागदावर, म्हणजे माहीत नसताना..."

शब्द तोंडातल्या तोंडात राहिले. पंख्याचा आवाज येत होता. मागून, भिंतीकडून, नागसेन म्हणाला,

"मोठ्यानं बोल, ताई. इथवर ऐकू येत नाई."